छैौ, रररर आणि कोनी कंसातला २००डी: विममधल्या एका मराठी हस्तलिखिताचं प्रकरण

फाइल उघडल्यावर पहिल्यांदा नजरेत भरलं ते ‘छैौ’. एका परिच्छेदाच्या शेवटी, मग दोन पानांनी पुन्हा, मग एका संवादाच्या मधोमध. कुठे ‘रररर’, कुठे ‘ककक’. बाकी मजकूर नीटनेटका: एका कादंबरीचा मराठी अनुवाद, काही हजार ओळी, साधी टेक्स्ट फाइल. अनुवादक ताई पंधराएक वर्षं वर्ड प्रोसेसरवर काम करत आलेल्या. लांबलचक फाइल त्यात रांगायला लागली म्हणून त्या लिनक्सच्या टर्मिनलमधल्या (आदेश टाइप करायच्या खिडकीतल्या) विम या एडिटरकडे वळल्या. टायपिंग इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या कळफलक-मांडणीत, न बघता, माझ्या दुप्पट वेगाने.

त्यांची तक्रार त्यांच्याच शब्दांत अशी होती: “अरे, हे मध्येच ऐकायचं बंद होतं. सेव्ह होत नाही, बाहेर पडता येत नाही. मात्रा खोडायला गेले तर अख्खं अक्षर जातं. शब्द डोळ्यांसमोर असतो आणि शोधलं तर म्हणतं, नाही. आणि फाइलभर कचरा घालून ठेवलाय तो वेगळाच.”

ऐकताना हे पाच वेगवेगळे आजार वाटतात. बघायला बसलो तेव्हा मूळ दोनच निघाले. एक, दाबलेली कळ विमपर्यंत पोचेपर्यंत दुसरंच काहीतरी झालेली असते. दोन, पडद्यावर दिसणारं अक्षर आणि फाइलमध्ये साठवलेलं अक्षर एकच असेल याची खात्री नसते. विम यात जवळपास कुठेच चुकत नव्हतं.

‘छैौ’पासून सुरुवात केली, कारण खरा धागा तोच होता. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून अर्धविरामाची कळ दाबली की छ येतो. डब्ल्यूच्या कळेवर ऐ-ची मात्रा असते, क्यूवर औ-ची. म्हणजे ताई प्रामाणिकपणे ‘कोलन, डब्ल्यू, क्यू’ दाबत होत्या, सेव्ह करून बाहेर पडायचा विमचा नेहमीचा आदेश, आणि कळफलक मराठीवर असल्यामुळे उमटत होतं छैौ. एस्केप दाबून नॉर्मल मोडमध्ये, म्हणजे कळा आदेश म्हणून चालतात त्या अवस्थेत, आलेल्या असल्या तर विमला छ हा आदेश माहीतच नाही, ते फार तर बीप करतं. एस्केप राहून गेला असला तर छैौ मुकाट्याने मजकुरात जाऊन बसतं. ‘रररर’चंही तेच. जे-च्या कळेवर र आहे, के-वर क. जे दाबून चार ओळी खाली जायचा प्रयत्न म्हणजे चार र.

ही गाठ विमच्या रचनेतच आहे. विमचा पूर्वज व्हीआय बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास लिहिला तो एडीएम-३ए नावाच्या टर्मिनलवर. त्या टर्मिनलच्या एच, जे, के, एल या कळांवरच बाण छापलेले होते, म्हणून कर्सर हलवायला आजही तीच अक्षरं. अक्षर हाच आदेश, ही विमची सगळी ताकद. पण ते अक्षर लॅटिनच असणार हे त्यात गृहीत धरलेलं आहे. योगायोग असा की ब्रॅम मोलेनार यांनी विमची पहिली जाहीर आवृत्ती आणली १९९१ मध्ये आणि इन्स्क्रिप्टची मांडणी सोबत देणारं भारतीय मानक आयएस १३१९४ सुद्धा १९९१ चंच. दोघांनी एकमेकांची दखल घेतलेली नाही.

निदान पक्कं करायला विम बंद करून टर्मिनलच्या नुसत्या शेल प्रॉम्प्टवर (आदेश टाइप करायच्या ओळीवर) शिफ्ट-अर्धविराम दाबून बघितलं. तिथेही छ. म्हणजे विमचा संबंधच नाही, बदल त्याच्या आधी, ऑपरेटिंग सिस्टिमच्या कळफलक-मांडणीत होतोय. ‘एडिटर ऐकत नाही’ अशी तक्रार आली की ही चाचणी मी सर्वांत आधी करतो, आणि बहुतेकदा पुढचं काही करावंच लागत नाही.

आता अडकल्यावर ताई काय करत होत्या? कोलन उमटत नाही, एस्केप चालतो पण पुढे काही होत नाही, म्हणून त्या सरळ टर्मिनलची खिडकी बंद करत. दुसऱ्या दिवशी फाइल उघडली की ई३२५ क्रमांकाची ती लांबलचक सूचना येई. घाईत असलेला माणूस ती वाचत नाही, त्याही वाचत नव्हत्या. ई दाबायच्या, म्हणजे ‘तरीही संपादन करू दे’, आणि पुढे.

इथे खरं नुकसान होत होतं. विम काम चालू असताना मूळ फाइलच्या शेजारी एक लपलेली स्वॅप फाइल ठेवतं. २०० अक्षरं टाइप झाली की किंवा ४ सेकंद हात थांबला की त्यात नोंद होते. खिडकी अचानक बंद झाली तरी विमला जाता जाता तसा इशारा मिळतो आणि ते स्वॅप फाइल जपून ठेवतं. ई३२५ ची सूचना एवढंच सांगत असते की मागच्या वेळचं न जतन झालेलं काम इथे पडलंय. त्यावर ‘तरीही’ म्हटलं की विम जुनी फाइल उघडतं आणि नव्या नावाने आणखी एक स्वॅप सुरू करतं. शेपटाला एसडब्ल्यूपी असलेली आधीच असेल तर एसडब्ल्यूओ, मग एसडब्ल्यूएन, असं उलट्या क्रमाने. ताईंच्या फोल्डरमध्ये त्यांची रांगच लागली होती.

‘विम’ला ‘उणे आर’ जोडून, फाइलचं नाव न देता चालवलं की सापडलेल्या सगळ्या स्वॅप फाइलींची यादी तारखांसकट मिळते. फाइलचं नाव दिलं तर कुठली स्वॅप वापरायची ते विम विचारतं. एकेक स्वॅप अशी उघडून, प्रत्येक वेळी वेगळ्या नावाने जतन करून, मूळ फाइलशी विमडिफमध्ये (दोन फाइलींतला फरक दाखवणाऱ्या विममध्ये) शेजारी शेजारी लावून बघितली. घाई करून मूळ नावावर जतन करायचं नाही, कारण जुन्या स्वॅपमध्ये नंतरच्या दुरुस्त्या नसतात. शिवाय स्वॅपमधून परत आलेल्या मजकुरासोबत अनडूचा इतिहास येत नाही, म्हणजे चुकलं तर यू दाबून मागे जाण्याची सोय नाही. एका स्वॅपमध्ये तीन परिच्छेद निघाले, ताईंनी दुसऱ्यांदा बसून पुन्हा अनुवादलेले. “पहिला बरा होता,” त्या वाचून म्हणाल्या, आणि दुसरा काढून पहिला ठेवला. तपासून झालेल्या स्वॅप फाइली हाताने पुसल्या. त्या राहिल्या की सूचना येतच राहते, आणि सूचना रोज आली की वाचली जात नाही.

मूळ दुखण्यावर तीन उपाय समोर होते.

पहिला म्हणजे शिस्त: एस्केप दाबण्याआधी कळफलक इंग्रजीवर आणायचा. सांगायला सोपं, पण दिवसातून शेकडो वेळा मोड बदलणाऱ्याला हे सांगणं म्हणजे छळ. इन्सर्ट मोड (मजकूर लिहायची अवस्था) सोडताना कळफलक आपोआप इंग्रजीवर नेणारी व्यवस्था करता येते, मात्र शोधताना मराठी शब्द टाइप करायचा तर पुन्हा हाताने बदल आलाच. दुसरा, लँगमॅप नावाची विमची सोय: नॉर्मल मोडमध्ये र आला तर तो जे समज, अशी जोडी लावून द्यायची. हे कल्पनेत छान आहे. प्रत्यक्षात कोलननंतरच्या आदेश-ओळीत लँगमॅप लागू होत नाही, त्यामुळे कोलन मिळाला तरी पुढचा डब्ल्यू ऐ-ची मात्रा होऊनच येतो. रोग अर्धाच बरा.

तिसरा निवडला. कळफलक कायम इंग्रजीवर ठेवायचा आणि मराठीत भाषांतर करायचं काम विमलाच द्यायचं. याला विममध्ये कीमॅप म्हणतात. ते फक्त लिहिताना, शोधाचा शब्द देताना आणि आर किंवा एफसारख्या आदेशांनंतर अक्षर अपेक्षित असताना लागू होतं. आदेश द्यायची वेळ आली की जे हा जेच राहतो. कंट्रोल आणि ६ दाबलं की मराठी चालू-बंद. इन्सर्ट मोडमध्ये असताना खालच्या ओळीत कंसात कीमॅपचं नावही दिसतं, म्हणजे आपण कुठल्या लिपीत आहोत हे बघून कळतं.

(ईमॅक्स हा दुसरा एडिटर वापरणारे आत्ता हसत असतील. तिथे देवनागरी इन्स्क्रिप्ट आधीपासून आहे आणि कंट्रोल-बॅकस्लॅशने चालू-बंद होतं. या एका बाबतीत ईमॅक्स सरळ उजवं आहे, वाद नाही.)

कीमॅपची फाइल हाताने लिहिली. होम फोल्डरमधल्या डॉट-विम फोल्डरात कीमॅप नावाचं उपफोल्डर, त्यात ही फाइल. वर ‘लोडकीमॅप’ अशी एक ओळ आणि खाली जोड्या: डावीकडे कळ, मग मोकळी जागा, मग अक्षर. जे-समोर र, मोठ्या जे-समोर ऱ, के-समोर क, डी-समोर हलन्त. नुसत्या मात्रा अशा लिहिल्या की त्या आधीच्या मोकळ्या जागेवर चढून बसतात आणि फाइल वाचता येत नाही, म्हणून मात्रांसाठी अक्षराऐवजी त्यांचा युनिकोड क्रमांक (युनिकोड हे मानक प्रत्येक अक्षराला एक क्रमांक देतं) ‘कॅर’ पद्धतीने, म्हणजे कोनी कंसात ‘कॅर’ आणि क्रमांक असा, लिहिला. फाइल तयार झाली, विमआरसी या विमच्या सेटिंगच्या फाइलमध्ये कीमॅपचं नाव दिलं, ताई टाइप करायला बसल्या आणि पहिल्याच वाक्यात थांबल्या. ‘ठीक’ लिहायचं होतं. उमटलं दुहेरी अवतरण चिन्ह आणि त्यावर चढलेली दीर्घ ई.

इन्स्क्रिप्टमध्ये ठ शिफ्टसह अवतरणाच्या कळेवर, म्हणजे दुहेरी अवतरण चिन्हाच्या जागी आहे. विमच्या भाषेत ओळीची सुरुवात दुहेरी अवतरणाने झाली की ती टिप्पणी. कीमॅपमधली ठ-ची ओळ विम टिप्पणी समजून मुकाट्याने सोडून देत होतं. ना चूक दाखवली, ना सूचना दिली. डावीकडे ते चिन्ह न लिहिता त्याचाही क्रमांक, ३४, कॅर पद्धतीने दिला आणि ठ आला. इन्स्क्रिप्टचा कीमॅप स्वतः लिहिणाऱ्या कुणालाही ही ठेच लागणारच, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.

मात्रा खोडताना अक्षर जाण्याचा प्रश्न त्यामानाने चुटकीसरशी सुटला. विम मात्रा, अनुस्वार, हलन्त यांना मूळ अक्षराला चिकटलेली चिन्हं मानतं, आणि बॅकस्पेस किंवा एक्स दाबला की अक्षर चिन्हांसह उडवतं. ‘डेलकम्बाइन’ हा पर्याय चालू केला की चिन्हं एकेक करून, शेवटच्यापासून खोडली जातात. ‘किं’वर बॅकस्पेस मारला तर आधी अनुस्वार जातो, मग वेलांटी, मग क. मराठी लिहिणाऱ्याला हेच सवयीचं असतं. माझ्या मते देवनागरीसाठी हा पर्याय मुळातच चालू हवा होता.

राहिला शोध, आणि तो ‘कचरा’. सगळ्यांत जास्त वेळ इथे गेला.

कचरा म्हणजे काय, तर ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘वाऱ्यावर’ अशा शब्दांच्या मधोमध कोनी कंसात ‘२००डी’ लिहिलेलं दिसत होतं. सगळीकडे नाही, कादंबरीच्या पहिल्या भागातच. ताईंची खात्री होती की हे विमने घातलं. प्रत्यक्षात ते आधीपासून फाइलमध्ये होतं आणि वर्ड प्रोसेसर ते दाखवत नव्हता. यू+२००डी म्हणजे शून्य-रुंदीचा जोडक, न दिसणारं अक्षर. मराठीतला तो आडवा अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर, यू+०९३१, आणि त्यापुढे हलन्त. दोन, साधा र, हलन्त आणि त्यामागे हा जोडक. दोन्ही प्रकार युनिकोडला चालतात. छापून बघितले तर भिंग लावूनही फरक कळणार नाही. पहिला भाग ताईंनी जुन्या संगणकावर, दुसऱ्या कुठल्या तरी टायपिंग-साधनाने लिहिला होता आणि त्याने दुसरा प्रकार वापरला होता. विम न दिसणारी अक्षरं लपवत नाही, त्यांचा क्रमांक दाखवतं. म्हणून ‘दुसऱ्या’ शोधलं की पहिला भाग गायब.

हे निदान दिसलं म्हणून सोपं होतं. ‘ॲ’चं तसं नव्हतं. ‘ॲसिड’ शोधलं तर निम्मेच सापडत, आणि न सापडलेल्यांमध्ये कुठलाही कोनी कंस नाही. अशा वेळी विममधली दोन अक्षरांची युक्ती कामी येते: कर्सर अक्षरावर ठेवून नॉर्मल मोडमध्ये जी आणि ए. त्या जागी जे काही साठवलंय त्याचे क्रमांक खाली दिसतात. सापडणाऱ्या ‘ॲ’वर आला ०९७२, एकच अक्षर. न सापडणाऱ्यावर आले दोन: ०९०५ आणि ०९४५, म्हणजे अ आणि त्यावर वेगळी चंद्राची मात्रा. यू+०९७२ युनिकोडमध्ये आलं २००८ मध्ये, ५.१ आवृत्तीत. त्याआधी अ-वर मात्रा चढवण्यावाचून पर्याय नव्हता, आणि कितीतरी साधनं पुढेही तसंच करत राहिली. इथे एक बारकावा आहे. ऱ आणि नुक्तावाला र यांना युनिकोड समान मानतं, त्यामुळे प्रमाणीकरण करणारं, म्हणजे समान रूपं एकसारखी करणारं, कुठलंही साधन त्यांना एकत्र आणतं. ॲ-च्या दोन रूपांना मात्र युनिकोड समान मानत नाही. तिथे प्रमाणीकरणाने काहीही होत नाही, बदल आपल्यालाच करावा लागतो.

तो केला, सगळ्या फाइलभर, विमच्या बदल-आदेशाने. दुहेरी ‘ॲ’च्या जागी एकेरी, र, हलन्त आणि जोडक यांच्या जागी ऱ आणि हलन्त. न दिसणारा जोडक टाइप कसा करायचा? नमुन्यात बॅकस्लॅश, टक्का, लहान यू आणि २००डी लिहिलं की विम त्या क्रमांकाचं अक्षर समजतं. आणि कोलननंतरची ओळ कायम लॅटिनमध्ये सुरू होते, त्यामुळे मराठी भागापुरतं कंट्रोल-६ दाबून आत जायचं आणि परत बाहेर यायचं. हे विसरलं की तिरक्या रेघेच्या जागी य येतो, कारण इन्स्क्रिप्टमध्ये त्या कळेवर य आहे. ‘छैौ’ आणि ‘रररर’ मात्र एकेक विचारून काढले, आदेशाच्या शेवटी सी जोडून. कादंबरीत एका ठिकाणी कापड फाटतं आणि तिथला ‘टरररर’ खरा होता.

एवढं झाल्यावरही ताईंनी एक शोध देऊन दाखवला. “हे बघ. ‘मराठ’ शोधलं, आणि म्हणतं नाही. अरे, पानावर चार वेळा ‘मराठी’ आहे!”

हे विमचं ठरवून केलेलं वागणं आहे. नमुन्यातल्या शेवटच्या ठ-ला मात्रा नाही, मजकुरातल्या ठ-ला आहे, म्हणून विमच्या लेखी ती वेगळी अक्षरं. इंग्रजीत अर्धा शब्द देऊन शोधायची सवय इथे तोंडघशी पाडते, आणि मराठीत तर विभक्ती लागली की शेवटचं अक्षर बदलतंच. उपाय: नमुन्याच्या शेवटी बॅकस्लॅश, टक्का आणि मोठा सी. त्याचा अर्थ, या अक्षराला पुढे काय चिकटलंय ते बघू नकोस. मग ‘मराठी’, ‘मराठे’, ‘मराठा’ सगळे येतात. बॅकस्लॅश आणि मोठा झेड असाही एक मार्ग आहे, पण तो सगळ्या नमुन्यातल्या मात्रा सोडून देतो आणि भलतेच शब्द गोळा करतो. ‘दिन’ आणि ‘दान’ एकाच पिशवीत. अनुवादाच्या कामात तो मी वापरू नका म्हणून सांगितलं. हा मोठा सी दर वेळी टाइप करणं जिवावर येतं, म्हणून एका कळेला बांधून दिला.

एक गोष्ट सुटली नाही. ताईंच्या टर्मिनलला जोडाक्षरं नीट मांडता येत नाहीत. ‘क्ष’ कधी पाय मोडलेला क आणि शेजारी ष असा दिसतो, आणि लांब ओळीत कर्सर खऱ्या जागेपासून एखादं घर सरकलेला वाटतो. फाइलमध्ये सगळं ठीक असतं, जी-ए दाबून खात्री करता येते, कंट्रोल-एलने पडदा नव्याने रंगवला की थोडा फरक पडतो, पण थोडाच. दुसरं टर्मिनल लावून बघितलं, तिथे जोडाक्षरं सुधारली आणि कर्सर जास्त बिघडला. शेवटी ताईंनीच तोडगा काढला: लिहिणं, शोधणं, बदलणं विममध्ये, आणि मुद्रितशोधनासाठी तीच फाइल ब्राउझरमध्ये उघडून वाचायची. चूक दिसली की शब्द तिथून उचलायचा, विममध्ये तिरक्या रेघेनंतर चिकटवायचा आणि थेट त्या ओळीवर जायचं. दोन्हीकडे आता एकच रूप साठवलेलं असल्यामुळे चिकटवलेला शब्द सापडतो.